ठकीचं स्वादुपिंड

मला सिस्टिक फायब्रोसिस आहे. हे नाव नीट सांगून होईपर्यंत समोरच्याचा चहा निवतो आणि समजावून होईपर्यंत त्याला दुसरं काम आठवतं, म्हणून मी हल्ली थोडक्यात आटपते. आपल्या पेशींना मिठाची ये-जा होण्यासाठी बारीक बारीक दारं असतात. माझी दारं जन्मतःच बिघडलेली. मीठ अडलं की पाणी अडतं, आणि पाणी अडलं की आतला ओलावा घट्ट, चिकट होत जातो. फुप्फुसात चिकटा, आतड्यात चिकटा, स्वादुपिंडाच्या नळ्यांत चिकटा. एवढं ऐकून झालं की बायका हमखास विचारतात, "मग लग्नाचं काय?" मी सांगते, चिकटा फुप्फुसात आहे, लग्नात नाही. मग त्या विषय बदलतात.

आम्ही नाशिकचे दुसाने. आजोबांपर्यंत सगळे सोनार. सोनं लोकांच्या आवाक्याबाहेर गेलं तशी माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, भट्टी विझवली आणि साखरेचे दागिने करायला घेतले. संक्रांतीला नव्या सुनेला आणि तान्ह्या बाळाला घालतात ना, ते हलव्याचे हार, बाजूबंद, मुकुट. मोठ्या परातीत तीळ घ्यायचे, खाली मंद शेगडी ठेवायची, वरून चमच्याचमच्यानं पाक सोडायचा आणि बोटांनी तीळ सतत फिरवत राहायचं. हवा गार असेल तर हळूहळू एकेका तिळाला काटा फुटतो. हल्ली नाशकात थंडी चार दिवस येऊन तोंड दाखवून जाते, म्हणून आम्ही परातीची खोलीच यंत्रानं गार ठेवतो आणि वर्षभर काम करतो. अण्णा गेल्यापासून परात माझ्याकडे आहे. मी ओवी दुसाने, वय वर्षं पंचवीस, आणि नाशकात माझ्याइतका बारीक काटा कुणाच्या हलव्याला येत नाही. हे मी सांगतेय म्हणून खोटं समजू नका, कुणालाही विचारा.

घरात मी आणि आई, दोघीच. आईचं नाव हर्षदा. तिचं सगळं आयुष्य माझ्या वजनाभोवती फिरलं. माझ्यासारख्या मुलांच्या स्वादुपिंडातून पाचक रस बाहेर पडत नाही, त्यामुळे खाल्लेलं अंगी लागत नाही. त्या काळचे डॉक्टर एकच सांगायचे, वजन वाढवा, काय वाट्टेल ते खाऊ घाला. तूप, साय, लोणी, साखर, कशालाच बंदी नाही. माझ्या आईला हे सांगायची खोटी होती. बाकीच्या आया पोरांच्या हातातली चॉकलेटं हिसकावून घ्यायच्या, माझी आई लाडू घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत माझ्यामागं पळायची. पोळीवर साखर, भातावर साखर, दुधात साखर, आणि वर शिकरण. दर महिन्याला दवाखान्यात वजन व्हायचं तेव्हा ती माझ्याकडे न बघता आकड्याकडे बघायची. आकडा वाढला की तिला दिवसभर गाणं सुचायचं.

पुढे दारं उघडणाऱ्या गोळ्या आल्या. माझ्यापर्यंत त्या पोचल्या तेव्हा मी चौदाची होते. काय सांगू, आठवड्याभरात खोकला पळाला. आयुष्यात पहिल्यांदा मी जिना एका दमात चढले आणि वर जाऊन आईला हाका मारत सुटले. आमच्यातली जी माणसं विशीच्या आत जायची ती आता म्हातारी होणार होती. आणि म्हातारं व्हायचं तर स्वादुपिंड लागतं, ते तर आमचं सगळ्यांचं आधीच भाजून निघालेलं.

त्याचं असं आहे. स्वादुपिंडात दोन बिऱ्हाडं राहतात. एक पाचक रस करतं, दुसरं इन्शुलिन. रसाच्या नळ्या तुंबल्या की रस आतच साठतो आणि आपल्याच घराच्या भिंती पचवायला लागतो. त्यात शेजारचं इन्शुलिनवालं बिऱ्हाडही उघड्यावर येतं. उरलेल्या थोड्या पेशी कशाबशा काम रेटतात आणि एक दिवस हात टेकतात. हा मधुमेह लहान मुलांना होतो तो नव्हे आणि चाळिशीनंतर होतो तोही नव्हे, हा आमचा वेगळाच. मोठ्या झालेल्या जवळजवळ निम्म्या जणांना तो गाठतो. रक्तात साखर चढली की वजन उतरतं आणि फुप्फुसात जंतूंचं फावतं, म्हणजे गोळ्यांनी कमावलेलं सगळं पुन्हा घालवायचं.

आता प्रश्न असा, की साखर खाल्ल्यानं हा दिवस लवकर येतो का? यावर डॉक्टरांचं जुनं भांडण. एक गट म्हणायचा, खाऊ द्या, वजन महत्त्वाचं. दुसरा म्हणायचा, थकलेल्या पेशींवर साखरेचं ओझं कशाला? माणसांवर प्रयोग करायचा तर वीस-वीस वर्षं थांबावं लागतं. पुण्याच्या एका संशोधन केंद्रानं यावर वाट काढली आणि ती ऐकून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतकी मी हरखले. त्यांनी माणसाची जुळी करायला घेतली.

जुळी म्हणजे संगणकातली. माझ्या दंडाच्या कातडीखाली त्यांनी साबुदाण्याएवढा मणी बसवला. तो दर मिनिटाला रक्तातली साखर आणि इन्शुलिन दोन्ही मोजून पाठवायचा. त्यावरून, माझ्या जनुकांवरून आणि जन्मापासूनच्या दवाखान्याच्या नोंदींवरून संगणकात माझ्यासारखंच स्वादुपिंड, माझ्यासारखीच फुप्फुसं, माझ्यासारखंच वजन असलेली मुलगी तयार झाली. फरक एवढाच, की तिचं वर्ष काही मिनिटांत संपतं. तिला एका खेपेला लाडू द्या, दुसऱ्या खेपेला भाकरी द्या, आणि चाळीस वर्षांनी काय होतं ते चहा होईपर्यंत बघा. मी तिचं नाव ठकी ठेवलं. आपल्या लाकडी बाहुलीचं असतं ते. डॉक्टरांना आधी ते बालिश वाटलं, मग तेही ठकीच म्हणायला लागले.

आमच्या डॉक्टर म्हणजे रेहाना मणेर. मूळच्या मिरजेच्या, बोलायला फटकळ, आणि चुकलं तर तोंडावर कबूल करणाऱ्या. ठकी तयार झाल्यावर त्यांनी आम्हा दोघींना पुण्याला बोलावलं. मी इतकी उत्साहात होते की भविष्य बघायला चाललेय असंच सगळ्या गल्लीला सांगून निघाले.

पडद्यावर ठकीची रेषा सरळ चालली होती. मग ती वाकली आणि वर चढायला लागली.

"पुढच्या दिवाळीच्या आत ठकीला मधुमेह होतोय," मणेर मॅडम म्हणाल्या.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "इतक्यात?"

"इतक्यात. पण थांब, हे बघ." त्यांनी ठकीचं गोड बंद केलं आणि तिला पुन्हा सुरुवातीपासून चालवलं. रेषा सरळ निघाली ती सरळच राहिली. दहा वर्षं, पंधरा वर्षं, वाकायचं नाव नाही. "तुझ्या पेशी थोड्या आहेत, पण जिवंत आहेत. त्यांना विसावा दिला तर टिकतील. ओवी, ही फार चांगली बातमी आहे. आपण वेळेवर बघितलंय."

मला उडीच मारायची होती. मी आईकडे बघितलं तर आईचा चेहरा राखेसारखा.

"म्हणजे साखरेनं झालं," आई म्हणाली.

"बऱ्याच अंशी, ताई. मूळ आजार आहेच, पण साखरेनं त्याला घाई केली."

परतीच्या बसमध्ये आई खिडकीतून बाहेर बघत बसली. नारायणगाव गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "पंचवीस वर्षं मी तुला माझ्या हातानं भरवलं ग." मी म्हटलं, आई, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. ती म्हणाली, "डॉक्टर काय, सांगून घरी गेले."

दुसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरातून साखर हद्दपार झाली. हलव्याची साखर धंद्याची, ती परातीच्या खोलीत कुलपात. घरातले डबे तिनं घासून पालथे घातले. गूळ गेला, मुरांबा गेला, केळी गेली. मी म्हटलं, केळ्यानं काय केलंय, तर म्हणाली, पिकतं ते गोडच होतं. चहा तीही बिनसाखरेचा प्यायला लागली, आणि ती बाई पाच चमचे घालणारी. पहिला घोट घेताना तिचं तोंड व्हायचं ते बघून मला हसू यायचं, आणि मग मीही माझा कप तसाच संपवायचे. मी जे खाईन ते घास-न्-घास मोबाईलला बोलून सांगायचे, ते थेट ठकीकडे जायचं. भाकरी, पिठलं, अंडी, दाणे, तूप. गोड शून्य.

आणि ठकीची चढती रेषा जराही खाली आली नाही.

महिने गेले. ठकीची दिवाळी जवळच येत चालली आणि वर माझं वजन उतरायला लागलं. आईची झोप उडाली. एका दुपारी मणेर मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. त्या नेहमीसारख्या बोलत नव्हत्या, जरा अडखळत बोलत होत्या.

"ओवी, मी सरळच विचारते. तू सांगतेस ते जेवण ठकीला दिलं तर तिची साखर एवढी येत नाही. तुझ्या रक्तात येते. म्हणजे तुझ्या पोटात काहीतरी जास्त जातंय, जे आमच्याकडे येत नाही."

"मी सगळं सांगते, मॅडम."

"मग ताई," त्या आईला म्हणाल्या, "रागावू नका. आईचं मन मला कळतं. वजन उतरताना बघवत नाही. तुम्ही काही गोड देता का तिला, दुधात वगैरे, तिला न सांगता?"

आई भिंतीला टेकून उभी होती. नाही म्हणाली नाही, रडली नाही, नुसती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"माझी आई महिनोन्‌महिने कडू चहा पितेय," मी म्हटलं. "तिच्यावर आळ घ्यायचा तर पुरावा दाखवा. तुमच्या त्या मण्यानं दर मिनिटाला जे काही पाठवलंय ते सगळं मला बघायचंय. तुमची ती इस्त्री केलेली रेषा नको."

मॅडम म्हणाल्या, "इस्त्री केलेली म्हणालीस ते खरं आहे." त्यांनी समजावलं, की मणी कधी हालचालीनं, कधी घामानं उगाच थरथरतो. त्या बारीक थरथरीला काही अर्थ नसतो, म्हणून संगणक ती पुसून रेषा गुळगुळीत करतो आणि मगच ठकीला देतो. "मीही मूळ रेषा कधी बघितली नाही," त्या म्हणाल्या. "थांब, काढते."

पडद्यावर मूळ रेषा आली. रात्र गुळगुळीत होती. जेवणानंतर एक मोठा उंचवटा यायचा आणि ओसरायचा, तेही ठीक. पण सकाळपासून दुपारपर्यंत रेषेला काटेच काटे होते. बारीक, टोकदार, एकाला लागून एक. साखरेच्या प्रत्येक काट्याखाली इन्शुलिनचाही एकेक काटा. आणि काट्यांच्या तळाची रेषा दुपारपर्यंत हळूहळू वर सरकलेली.

"ही थरथर नाहीये," मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांचा आवाजच बदलला. "इन्शुलिन थरथरीला उत्तर देत नसतं. ही खरी साखर आहे. रविवारी बघ, एकही काटा नाही. सोमवारी पुन्हा आहेत. ताई, सकाळी ही कुठे असते?"

"परातीजवळ," आई म्हणाली. "पण तिथं ती काही खात नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही," आम्ही दोघी एकदम म्हणालो. आणि खरं सांगते, एकमेकींच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली असती तरी आम्ही हेच म्हटलं असतं.

"मला बघायचंय," मॅडम म्हणाल्या. "उद्या काम करताना कॅमेरा चालू ठेव. मी इथून मण्याकडेही बघते आणि तुझ्याकडेही."

दुसऱ्या दिवशी मी मोबाईल खिडकीत टेकवून ठेवला आणि कामाला बसले. थोडा वेळ लाज वाटली, मग विसरले. हात परातीत फिरत होते, पाक पडत होता, आई पलीकडे बसून तयार हलवा दोऱ्यात गुंफत होती. अचानक मोबाईल बोलला.

"ओवी, थांब. आत्ता काय केलंस?"

"पाक सोडला."

"त्याच्या आधी."

"तार बघितली. डाव्या हातावर थेंब घ्यायचा, अंगठा आणि बोट लावून ओढायचं, एक तार सुटली की पाक बरोबर."

"आणि मग?"

"मग काय?"

"मग ते बोट तोंडात घातलंस."

मी माझ्या हाताकडे बघितलं. "ते होय. ते चाखलं."

"चाखलं," मॅडम म्हणाल्या.

"पाकाला करपट वास लागला का ते बघायला लागतं. उजवा हात परातीचा, डावा तोंडाचा. अण्णांनी शिकवलंय. उजवा हात मी कधी तोंडाला लावत नाही, मालाला स्वच्छ—"

"ओवी, मी बसल्यापासून तू सतत चाखतेयस. मधे दोनदा तर सरळ चमच्यानं घेतलंस."

"अहो पण ते खाणं नव्हे," आई मधे पडली. तिला मनापासून नवल वाटत होतं. "हिचे वडील एकादशीलाही पाक चाखायचे. त्यांचा उपास कधी मोडला नाही. आमच्यात चाखलेलं धरत नाहीत."

मोबाईलमधून हसण्याचा आवाज आला. मणेर मॅडम हसता हसता खुर्चीवरून पडायच्या बेतात होत्या. मग त्या एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, स्वादुपिंड एकादशी पाळत नाही हो."

मग त्यांनी जे समजावलं ते मला तिथंच, परातीसमोर बसल्या बसल्या लख्ख कळलं. साखर आली की निरोगी स्वादुपिंड हाताशी तयार असलेलं इन्शुलिन पटकन सोडतं. माझ्याकडे तो तयार साठा अगदी थोडा. जेवणातली साखर तूप-पोळीत गुरफटून सावकाश येते, पेशींना तयारीला वेळ मिळतो. पण रिकाम्या पोटी नुसता पाक जिभेवर पडला की तो तडक रक्तात. थेंब छोटा, तरी पेशींना धावत दारात यायलाच लागतं. त्या आत जाऊन टेकतात न टेकतात तोच पुन्हा बेल वाजते. असं सकाळपासून दुपारपर्यंत, रोज, मी बारा वर्षांची असल्यापासून. दिवसाचं सगळं चाखणं एकत्र केलं तर सरबताचे मोठे ग्लास होतील एवढी साखर, आणि विश्रांती एक मिनिटाची नाही. ठकीला हे काटे कधी दिसलेच नव्हते. तिला एवढंच कळलं होतं की साखर जास्त आहे, म्हणून तिनं ती जेवणाच्या नावावर टाकली.

"म्हणजे माझ्या लाडवाच्या नावावर," आई म्हणाली.

"हो. माझी चूक झाली, ताई. मी तुमच्यावर संशय घ्यायला नको होता."

"ते राहू दे," आई म्हणाली. "आधी तिचं चाखणं काढून बघा."

मॅडमनी काढलं. आम्ही दोघी मोबाईलवर डोकी घालून बसलो. परातीतला हलवा लागला, करपला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि कुणाचंही तिकडे लक्ष गेलं नाही. ठकी चाखायची थांबली. तिला जेवणाबरोबर लाडूसुद्धा दिला. दिवाळी आली, गेली. पुढची आली, गेली. रेषा सरळ होती.

बोलायला सोपं, करायला अवघड. दुसऱ्या दिवशी मी तोंडाला रुमाल बांधून बसले तर दुपारी रुमाल पाकानं कडक झाला होता. हात आपोआप तोंडाकडे जायचा. आईनं पाक तपासायचं काम स्वतःकडे घेतलं आणि मला चमच्याजवळही फिरकू दिलं नाही. मी चिडायचे, ती ऐकायची नाही. पण महिन्याभरात मण्याची रेषा दिवसाही रात्रीसारखी दिसायला लागली. वजन परत चढलं. मॅडम म्हणाल्या, ठकीवर विश्वास नको, खऱ्या तपासण्या करू. आम्ही पुण्याला गेलो. मी उपाशीपोटी साखरेचं पाणी प्यायले, दर थोड्या वेळानं रक्त दिलं. माझं इन्शुलिन पूर्वीपेक्षा लवकर येत होतं. थकलेल्या पेशी मेल्या नव्हत्या, नुसत्या दमल्या होत्या. मणेर मॅडमनी मला मिठीच मारली. केंद्रातल्या सगळ्या जुळ्यांच्या मूळ रेषा आता पुन्हा बघणार, असं त्या सांगत सुटल्या. एकजण दिवसभर गोड चहाचे घोट घेतो, एक शिक्षिका खडीसाखर तोंडात ठेवून शिकवते. सगळ्यांच्या रेषांना काटे निघाले होते. मी आनंदानं नुसती बडबडत होते.

"डॉक्टर, एक विचारायचंय," आई म्हणाली.

आम्ही दोघी थांबलो.

"ही परातीजवळ बसायला लागली बाराव्या वर्षी. स्वादुपिंड त्याच्या आधीच अर्धं गेलं होतं, असं तुम्हीच म्हणाला होतात. ते कुणी घालवलं?"

"आजारानं, ताई."

"सगळं आजारानं? माझ्या साखरेनं काहीच नाही?"

मॅडमना खोटं बोलता येत नाही. त्यांनी माझ्या नोंदींची फाईल पुढं ओढली.

"ठकीला मागं नेता येतं ना?" आई म्हणाली. "तिला जन्मापासून चालवा. चार घरची पोरं खातात तेवढंच द्या. वरणभात, पोळीभाजी, दूध. माझी वरची साखर नको. मला बघायचंय."

"नेता येतं. पण उत्तर काहीही आलं तरी ते घेऊन तुम्हाला घरी जायला लागेल. आणि ठकी ओवीची आहे. तिनं हो म्हटल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"नाही," मी म्हटलं. "झालं ते झालं. काय करायचंय उकरून?"

आई माझ्याकडे वळली. "तुला भीती वाटतेय, की मीच केलं असं निघेल."

वाटत होतीच. मला खोटं सांगवलं नाही. मी म्हटलं, "हो. आणि ते निघालं तर तू माझ्यासमोर ताट वाढताना आयुष्यभर थरथरशील."

"आत्ता काय करते मी?" आई म्हणाली.

ते खरं होतं. लाडू चालेल असं सांगूनही तिनं अजून केला नव्हता. पोळीला तूप लावतानासुद्धा तिचा हात थांबायचा. मी हो म्हटलं.

ठकी जन्मली. पडद्यावर तीन रेषा निघाल्या, वजनाची, फुप्फुसांची, स्वादुपिंडाची. ठकी रांगली, चालली, शाळेत गेली. माझी खरी रेषा शेजारी फिकट रंगात होती. चौथ्या-पाचव्या वर्षी ठकीच्या स्वादुपिंडाची रेषा माझ्यापेक्षा वर राहिली. फार नाही, पण वर. डोळ्यांना दिसेल एवढी.

"बघितलंस," आई हळूच म्हणाली. तिनं माझ्या हातातला हात काढून घेतला.

मला मॅडमचा राग आला, ठकीचा राग आला, स्वतःचा तर फारच. मी पडदा बंद करा म्हणणार होते. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "वजनाची रेषा बघा, ताई."

ठकीचं वजन माझ्याखाली होतं. पहिल्यांदा थोडं, मग जास्त. सहाव्या वर्षी ती माझ्यापुढं काडी होती. नवव्या वर्षी मला न्यूमोनिया झाला होता. गोळ्या तेव्हा आमच्यापर्यंत आल्या नव्हत्या. मी किती तरी दिवस दवाखान्यात होते आणि अंगावरचं सगळं उतरून गेलं होतं, पण उतरायला अंगावर काहीतरी होतं. ठकीला तोच न्यूमोनिया झाला. तिच्या अंगावर उतरायला काही नव्हतं. तिन्ही रेषा एकाच जागी संपल्या. स्वादुपिंड धडधाकट होतं, मुलगी नव्हती.

"पुन्हा चालवते," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पुन्हा चालवलं. मग पुन्हा, किंचित बदलून. साखरेऐवजी तेवढंच तूप देऊन बघितलं. "त्या वर्षांत तुम्हाला पाचक कॅप्सूल धड मिळत नव्हत्या, नोंदीत आहे. कॅप्सूलशिवाय तूप पचत नाही, तसंच बाहेर पडतं. साखरेला स्वादुपिंडाचा रस लागत नाही, ती थेट अंगी लागते." दर खेपेला रेषा थोड्या पुढंमागं थांबत होत्या. दहावा वाढदिवस एकदाही आला नाही. "अंदाजच आहे हा, ताई. पण जितक्या वेळा चालवाल तितक्या वेळा हेच सांगतोय. तुमच्या साखरेनं स्वादुपिंडाची काही वर्षं घेतली. आणि हिला जगवलं."

मला वाटलं, आता आई सुटली. आता ती हसेल, निदान मोठा श्वास तरी सोडेल. मी तिच्याकडे बघितलं. ती पडद्यावर रेषा थांबल्या होत्या त्या जागेकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं.

"तिला कुणी भरवलंच नाही हो," आई म्हणाली.

"ताई, ती खरी नव्हती," मॅडम म्हणाल्या.

"माहीत आहे मला," आई म्हणाली आणि रडतच राहिली. "नऊ वर्षांची पोर."

मॅडमनी पडदा बंद केला. मी आईच्या खुर्चीशेजारी खाली बसले आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. ही बाई माझ्यासाठी रडत नव्हती, मी तर तिच्या मांडीवर होते, आणि तरी तिच्या रडण्यात मला माझी सगळी पंचवीस वर्षं ऐकू येत होती. सकाळपासून रक्त देऊन देऊन माझ्या पोटात खड्डा पडला होता.

"आई," मी म्हटलं, "मला भूक लागलीये."

तिनं ओढणीनं डोळे पुसले, पिशवी उचलली आणि उभी राहिली.

"काय खाशील?" आईनं विचारलं.